जुन्या ट्रकाचा नवा रेडिएटर आणि त्यात भरावयाचे कूलंट

ज्या ट्रकाची नोंदणी होऊन वीस-पंचवीस वर्षे लोटली आहेत, ज्याच्या कर्जाचा अखेरचा हप्ता कधीच फिटला आहे आणि ज्याचे इंजिन एकदोनदा खाली उतरून पुन्हा वर चढले आहे, अशा ट्रकाचा तांब्या-पितळेचा मूळ रेडिएटर एके दिवशी डाग देणाऱ्या कारागिराच्याही हाताबाहेर जातो. आणि मालक बाजारात चौकशीस निघाला, म्हणजे त्याला बहुधा असे आढळून येते की तांब्याचे नवे कोअर बसवून घेण्यास जो खर्च येईल त्याहून कमी रकमेत ॲल्युमिनियमचा अखंड रेडिएटर, प्लास्टिकच्या टाक्यांसह, तयार मिळतो. हिशेबी माणूस तो घेतो, आणि त्यात गैर काही नाही. तांब्याची उष्णतावाहकता ॲल्युमिनियमपेक्षा दीडपटीहून अधिक हे खरे. परंतु ॲल्युमिनियमची घनता तांब्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी असल्याने त्याच्या नळ्या रुंद व चपट्या करता येतात, जाळी दाट बसविता येते, आणि अखेर हवेच्या हवाली होणारी उष्णता सारखीच भरते. गैर होते ते त्यानंतर. रेडिएटर जागेवर बसतो, होज पाइपांच्या क्लिपा आवळल्या जातात, आणि गॅरेजमधला पोऱ्या हातात कॅन घेऊन विचारतो, "शेठ, हिरवं टाकू का लाल?"

रंगाला या बाबतीत कसलाही आधार नाही. कूलंटमध्ये रंग घालतात तो गळती चटकन दिसावी आणि हे पिण्याचे पाणी नव्हे हे ओळखू यावे एवढ्यासाठी; कोणत्या रसायनाला कोणता रंग द्यावा याचा नियम सर्व उत्पादकांवर बंधनकारक नसल्यामुळे एकाचे हिरवे ते दुसऱ्याच्या हिरव्याशी गुणधर्माने जुळेलच असे नाही, आणि एकाचे लाल व दुसऱ्याचे निळे ही अंतर्यामी एकच असू शकतात. म्हणून कॅन हातात घेतल्यावर पुढच्या बाजूचे चित्र न पाहता मागील बाजूचा मजकूर वाचावा: द्राव संहत आहे की तयार मिश्रण, कोणत्या मानकास उतरतो, कोणत्या इंजिन-उत्पादकाची त्यास मान्यता आहे, आणि त्यात नायट्राइट, अमाइन, सिलिकेट, फॉस्फेट, बोरेट यांपैकी काय आहे व काय नाही. ज्या कॅनवर यांपैकी एकही गोष्ट नमूद नाही, तो कितीही स्वस्त असला तरी दुकानदाराला परत करावा.

ही चौकशी का करावयाची, हे कळण्यासाठी ट्रकाच्या शीतनव्यवस्थेत कोणकोणते धातू एकत्र नांदतात हे पाहिले पाहिजे. टाटांनी १९५४ साली डायम्लर-बेंझच्या सहकार्याने जमशेदपूरला ट्रक बांधावयास घेतले तेव्हापासून पुढे कित्येक दशके आपल्याकडील मालवाहू गाडीचे इंजिन म्हणजे बिडाचा ब्लॉक व बिडाचे हेड, आणि रेडिएटर म्हणजे तांब्याच्या जाळीला पितळेच्या टाक्या शिसे-कथलाच्या डागाने जोडलेला, असाच शिरस्ता होता. त्या व्यवस्थेत विहिरीचे पाणी आणि फार तर थोडे सोल्युबल ऑइल घालून लोकांनी गाड्या चालविल्या, त्या चालल्याही, आणि क्षार साचून जाळी बुजली म्हणजे ती उघडून सळईने साफ करणारा कारागीर प्रत्येक नाक्यावर होता. ॲल्युमिनियम या घरात उशिरा आलेली सून आहे, आणि तिचा स्वभाव वेगळा आहे. तिच्या अंगावर ऑक्साइडचा जो अतिसूक्ष्म पापुद्रा असतो त्यावर तिचे सारे आयुष्य अवलंबून. तो पापुद्रा तीव्र आम्लात विरघळतो तसाच तीव्र अल्कलीतही विरघळतो, आणि सामू साडेआठ-नऊच्या वर गेला की, त्याला आवरणारे गंजरोधक सोबत नसल्यास, धातू उघडा पडू लागतो. बिडाची गोष्ट याच्या उलट, त्याला अल्कली मानवते. शिवाय ऑइल कूलरमध्ये किंवा केबिनच्या हीटरमध्ये तांबे शिल्लक असेल, तर त्यातून सुटलेले तांब्याचे कण पाण्याबरोबर फिरत ॲल्युमिनियमवर जाऊन बसतात आणि प्रत्येक कणाभोवती एक लहानशी विद्युत्-घटमाला सुरू होऊन तेथे सुईच्या अग्राएवढे छिद्र पडते. तांब्याचा रेडिएटर वर्षानुवर्षे कणाकणाने झिजतो; ॲल्युमिनियमचा सहा महिन्यांत एकाच बिंदूला फुटू शकतो, आणि त्याचे डाग देऊन भागत नाही.

कूलंट म्हणजे बहुतांशी एथिलीन ग्लायकॉल, पाणी, आणि शेकडा काही थोडे भाग गंजरोधक द्रव्ये. ग्लायकॉल सर्वांचे सारखेच. फरक आणि किंमत आहे ती या थोड्या भागांत. जुन्या पद्धतीच्या कूलंटमध्ये सिलिकेट, फॉस्फेट, बोरेट, नायट्राइट असे अकार्बनी क्षार असतात, जे सर्व धातूंवर एक आवरण चढवितात. आवरण लवकर चढते हा त्यांचा गुण, आणि झपाट्याने खर्च होते हा दोष. म्हणून त्यांची मुदत साधारणतः दोन वर्षांची मानतात. यांपैकी सिलिकेट ॲल्युमिनियमचे उत्तम रक्षण करते, मात्र ते अधिक झाले अथवा कॅन फार काळ पडून राहिला तर त्याचा चिकट लगदा होऊन नळ्यांत बसतो; बोरेट मात्र तापलेल्या ॲल्युमिनियमला बाधते. दुसऱ्या वर्गातील कूलंटमध्ये, ज्यांना बाजारात 'ओएटी' म्हणतात, कार्बनी आम्लांचे क्षार असतात. ते सर्व पृष्ठभागावर थर न देता जेथे गंजास आरंभ होतो तेथेच कार्य करतात, हळू खर्च होतात, आणि पाच वर्षांपर्यंत किंवा त्याहूनही अधिक टिकतात, पण प्रथम संरक्षण प्रस्थापित होण्यास त्यांना वेळ लागतो आणि शिशाचे प्रमाण भारी असलेल्या जुन्या डागांशी त्यांचे फारसे पटत नाही. तिसरा वर्ग या दोहोंच्या संकराचा: कार्बनी आम्लांच्या जोडीला युरोपीय उत्पादक थोडे सिलिकेट घालतात, आणि जपानी उत्पादक थोडे फॉस्फेट. युरोपात पाणी जड, म्हणून तेथे फॉस्फेट नको, कारण ते कॅल्शियमशी मिळून खडा धरते. जपानी अभियंत्यांना सिलिकेट नको, कारण ते पंपाच्या सीलला घासते असा त्यांचा अभिप्राय. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणातून निघणाऱ्या बोअरच्या पाण्याकडे पाहता, आणि रस्त्यात कधी ना कधी चालक तेच पाणी वरून ओतणार हे गृहीत धरता, मला फॉस्फेटविरहित संकर किंवा शुद्ध 'ओएटी' हेच पसंत आहे.

आता नायट्राइट. पेट्रोल गाडीसाठी केलेले उत्तमातले उत्तम कूलंट डिझेल ट्रकाला अपुरे का पडते, याचे उत्तर या एका द्रव्यात आहे. ज्या इंजिनाला वेट लायनर असतो, म्हणजे ज्याच्या लायनरच्या बाहेरील अंगास प्रत्यक्ष पाणी लागते, त्याचा पिस्टन वरखाली होताना लायनरवर आपटून तो थरथरतो, त्या थरथरीने पाण्यात सूक्ष्म पोकळ बुडबुडे निर्माण होऊन लायनरवरच फुटतात, आणि दिवसाकाठी लक्षावधी फुटणाऱ्या या बुडबुड्यांमुळे लायनरला आरपार छिद्र पडून पाणी ऑइलमध्ये उतरते. नायट्राइट लोखंडावर जो घट्ट पापुद्रा राखते तो या माऱ्याला तोंड देतो. म्हणून अवजड डिझेल इंजिनांसाठी नायट्राइटयुक्त कूलंट आणि वेळोवेळी वरून घालावयाची नायट्राइटची बाटली हा दीर्घकाळ शिरस्ता होता. परंतु तेच नायट्राइट ॲल्युमिनियमशी, विशेषतः भट्टीत फ्लक्स लावून जोडलेल्या नव्या ॲल्युमिनियम कोअरशी, प्रक्रिया पावून अमोनियात रूपांतरित होते, सामू वाढतो, आणि वर सांगितलेला पापुद्रा विरघळण्यास आरंभ होतो. म्हणजे जे औषध लायनरला वाचविते तेच रेडिएटरला मारते.

या पेचातून सुटण्याचा मार्ग इंजिनाची माहिती करून घेण्यातून जातो. इंजिन ज्या मिस्त्रीने खोलले असेल त्याला स्पष्ट विचारावे, लायनर वेट की ड्राय? कमिन्सच्या बी मालिकेतील ५.९ लिटरच्या सहा सिलिंडरी इंजिनाला, जे टाटांच्या पुष्कळ ट्रकांत बसविलेले आहे, मुळात लायनरच नसतो. सिलिंडर ब्लॉकमध्येच कोरलेला असतो, आणि फेरबांधणीत स्लीव्ह घातली असली तरी ती कोरडी असते. अशा इंजिनाला नायट्राइटची निकड नाही. त्यास नायट्राइटविरहित, अमाइनविरहित 'ओएटी' किंवा सिलिकेटयुक्त संकर निःशंकपणे घालावा. लायनर वेट असेल तर शोध घ्यावा तो अशा कूलंटचा, जे नायट्राइटविरहित असूनही अवजड डिझेलकरिता पूर्ण तयार केलेले आहे आणि ज्यावर लायनर-संरक्षणाचा स्पष्ट दाखला आहे. कार्बनी आम्लांचे काही योग हे काम नायट्राइटवाचून करतात, आणि अमेरिकन मानकांपैकी एएसटीएम डी ६२१० हे पूर्ण तयार अवजड-इंजिन कूलंटसाठी आहे. डी ३३०६ हे हलक्या गाड्यांसाठी आहे. डी ४९८५ चे कूलंट वरून वेगळी भर घातल्याशिवाय अपुरे असते, सबब ते या कामी टाळावे. भारतीय मानक आयएस ५७५९ आणि जपानी जेआयएस के २२३४ यांचा उल्लेख आपल्याकडील कॅनांवर वारंवार आढळतो. तो असणे चांगलेच, पण केवळ त्यावर विसंबून वेट लायनरचा प्रश्न सुटला असे समजू नये.

कूलंटपेक्षाही अधिक हयगय होते ती पाण्याची, आणि या हयगयीला सुशिक्षित मालकही अपवाद नाहीत, कारण "आमच्या गावचे पाणी गोड आहे" या वाक्यापुढे सगळे रसायनशास्त्र थांबते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात क्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे २५० मिलिग्रॅम आहे, आणि अन्य स्रोत नसल्यास १००० पर्यंतही सवलत आहे. इंजिन-उत्पादक रेडिएटरच्या पाण्यात सुमारे ४० च्या वर क्लोराइड चालू देत नाहीत, सल्फेट १०० आणि जडपणा १७० च्या आत मागतात. म्हणजे जे पाणी माणसाला निर्दोष ते ॲल्युमिनियमला सदोष असू शकते, कारण क्लोराइड नेमके त्या ऑक्साइडच्या पापुद्र्याला भोक पाडते. मिठाच्या यंत्रातून मऊ केलेले पाणीही उपयोगाचे नाही; त्यातील कॅल्शियम जाते, क्लोराइड तसेच राहते. बॅटरीत घालावयाचे खनिजरहित पाणी, ज्याला दुकानात डीएम वॉटर म्हणतात, तेच घ्यावे. ते महाग नाही, आणि घेताना कॅन पाण्याचाच आहे, बॅटरीच्या ॲसिडचा नाही, याची खातरजमा करावी.

प्रमाण निम्मे-निम्मे ठेवावे. आपल्याकडे बर्फ पडत नाही मग एवढे ग्लायकॉल कशाला, असा आक्षेप येतो, पण गंजरोधक द्रव्ये ग्लायकॉलबरोबरच मोजून घातलेली असतात, आणि ग्लायकॉल तिसऱ्या हिश्श्याखाली गेले की त्यांचीही मात्रा अपुरी पडते. शिवाय निम्म्या मिश्रणाचा उत्कलनबिंदू समुद्रसपाटीला सुमारे १०७-१०८ अंश असतो, आणि अर्धा किलो दाबाच्या झाकणाखाली तो १२० च्या आसपास जातो, तर महाबळेश्वराच्या उंचीवर उघड्या भांड्यातील साधे पाणी ९६ अंश गाठण्यापूर्वीच उकळू लागते. भर उन्हाळ्यात सोळा टन भार घेऊन कसाऱ्याचा किंवा खंबाटकीचा घाट दुसऱ्या गिअरमध्ये चढणाऱ्या गाडीला या वीसेक अंशांचे मोल किती, हे चालकालाच विचारावे. मात्र अधिक ते चांगले या न्यायाने निव्वळ संहत द्राव कधीही भरू नये. निम्म्या मिश्रणाची उष्णता धारण करण्याची शक्ती पाण्याच्या सुमारे पाच-षष्ठांश असते. शुद्ध ग्लायकॉलची निम्म्याहून किंचित अधिक एवढीच भरते, त्यामुळे गाडी तापते. आणि सफरचंदे आणावयास हिवाळ्याच्या तोंडी काश्मीरला जाणाऱ्या मालकांनी हेही ध्यानात ठेवावे की निम्मे मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही, पण शुद्ध ग्लायकॉल उणे १३ लाच गोठते.

जुने पाणी काढण्याचे काम घाईने उरकू नये. रेडिएटरचा नळ सोडला म्हणजे व्यवस्था रिकामी झाली असे मानण्याची पद्धत आहे; वस्तुतः ब्लॉकच्या बाजूचा प्लग उघडला नाही तर बरेचसे पाणी आतच राहते, आणि जुन्या इंजिनात त्या प्लगामागे गाळाचा असा गठ्ठा बसलेला असतो की प्लग निघूनही धार लागत नाही, तेव्हा तार घालून ती मोकळी करावी. हा गाळ म्हणजे गंज, क्षार, सोल्युबल ऑइलचा मेण आणि कधी काळी गळती थांबविण्यासाठी कोणा चालकाने टाकलेली मूठभर हळद. तो आतच राहिला तर नव्या रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसणार हे ठरलेले. सफाईसाठी गॅरेजमध्ये कॉस्टिक सोडा काढला जातो, त्याला मनाई करावी. बिडाच्या ब्लॉकला एक वेळ तो चालला, पण ॲल्युमिनियमला तो बुडबुडे काढीत खातो, आणि ब्लॉकच्या कोपऱ्यात उरलेला अंशही पुढे रेडिएटरमध्ये उतरतो. सफाई जी करावयाची ती जुना रेडिएटर गाडीवर असतानाच करावी, म्हणजे घाण नव्यात जाण्याचा प्रश्नच येत नाही. नवा रेडिएटर बसविण्यापूर्वी डीएम पाण्याने दोन वेळा आतून खळखळून घ्यावा, कारण जोडकामातील फ्लक्सचा अवशेष आत राहतो आणि कूलंटमधील सिलिकेट किंवा फॉस्फेट खर्ची पाडतो. त्यानंतर डीएम पाणी भरून, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन चालवून, थंड होऊ देऊन पुन्हा सोडावे, आणि निघणारे पाणी स्वच्छ दिसेपर्यंत हा क्रम चालू ठेवावा. थर्मोस्टॅट 'गरम होते म्हणून' काढून टाकलेला असेल तर तो याच वेळी नवा बसवावा. इंजिन सदैव थंड चालणे हे काही आरोग्याचे लक्षण नव्हे.

भरणीचा हिशेब बहुतेक जण चुकतात. समजा, सर्व व्यवस्थेत मिळून २० लिटर मावते, आणि अखेरच्या धुण्यानंतर नळ व प्लग दोन्ही उघडूनही १४ लिटरच बाहेर आले, तर ६ लिटर स्वच्छ पाणी आत आहे. अशा स्थितीत तयार मिश्रण १४ लिटर ओतले तर ग्लायकॉल जाईल ७ लिटर, म्हणजे २० पैकी अवघे शेकडा ३५. म्हणून धुतल्यानंतरच्या पहिल्या भरणीस संहत द्रावच घ्यावा, आधी तो पुरते १० लिटर ओतावा आणि मग वरील ४ लिटर डीएम पाण्याने पुरे करावेत. तयार मिश्रण पुढे तूट भरण्यासाठी ठेवावे, आणि त्यात पाणी घालू नये. भरताना वरच्या होज पाइपाची क्लिप सैल करून हवा जाऊ द्यावी, इंजिन हळू चालवावे, आणि पातळी खाली बसेल तशी भर घालावी. झाकण रेडिएटरवर लिहिलेल्या दाबाचेच घ्यावे, अधिक दाबाचे नको, कारण प्लास्टिकच्या टाक्या ॲल्युमिनियमच्या कडेत दुमडून बसविलेल्या असतात आणि त्या कडाच प्रथम सुटतात.

एक तपासणी कूलंटशी संबंधित नाही असे वाटते, पण माझ्या मते ती सोडूच नये. जुन्या ट्रकात स्टार्टरची किंवा दिव्यांची अर्थ दुरुस्त्यांच्या ओघात कोठेही जोडलेली असते, इंजिनपासून चासीकडे जाणारी पट्टी गंजून तुटलेली असते, आणि मग चोवीस व्होल्टांचा थोडा प्रवाह आपली वाट कूलंटमधून काढतो; असा प्रवाह असला तर सर्वोत्तम कूलंटही रेडिएटरला वाचवू शकत नाही. इंजिन थंड असताना झाकण उघडावे, मल्टिमीटरची काळी तार बॅटरीच्या ऋण टोकाला लावावी, लाल तारेचे टोक कडेला न टेकविता द्रवात बुडवावे, आणि प्रथम सर्व बंद ठेवून, मग दिवे, पंखा, हॉर्न एकेक चालू करून, अखेर स्टार्टर मारून आकडा पाहावा. एक-दोन दशांश व्होल्ट चालतील. तीन दशांशाच्या वर काटा गेला तर ज्या क्षणी तो गेला त्या उपकरणाची अर्थ दुरुस्त करावी, आणि इंजिन-चासी पट्टी बदलावी.

पुढची देखभाल अल्प आहे. कूलंटचे नाव, भरल्याची तारीख आणि त्या वेळचे किलोमीटर एका पत्र्यावर रंगवून तो पत्रा रेडिएटरच्या आधारपट्टीला लावावा, म्हणजे दूरच्या गावी गाडी दुसऱ्याच्या हाती गेली तरी तो मनाला येईल ते मिसळणार नाही. दोन वर्गांची कूलंटे एकत्र झाली तरी गाडी लगेच बंद पडते असे नाही, पण दीर्घ मुदतीचे कूलंट अल्प मुदतीचे होऊन बसते. दर सहा महिन्यांनी रिफ्रॅक्टोमीटरने प्रमाण व कागदी पट्टीने सामू पाहावा, आणि सामू सातच्या खाली उतरला असेल तर मुदत शिल्लक असली तरी द्राव बदलावा. काढलेले कूलंट गटारात किंवा रस्त्याच्या कडेला सोडू नये. ते चवीला गोड आणि पोटात गेल्यास प्राणघातक असते, कुत्री ते चाटतात, आणि मुले पाण्याच्या बाटलीत भरून ठेवलेले पितात. नळी तोंडाने ओढून ते काढण्याची चालकांची सवयही याच कारणाने मोडावी. झाकणाच्या डब्यात भरून, त्यावर चिठ्ठी लावून, जुने ऑइल नेणाऱ्या परवानाधारकाच्या स्वाधीन करावे.

घाटात होज फुटून सगळे वाहून गेले आणि जवळ काहीच नसेल, तर इंजिन निवू द्यावे आणि मिळेल ते पाणी भरून गाडी मुक्कामाला न्यावी. बाटलीबंद पाणी मिळाले तर ते झऱ्याच्या किंवा बोअरच्या पाण्यापेक्षा बरे. नाशकास किंवा साताऱ्यास पोहोचल्यावर मात्र आत किती साधे पाणी गेले हे चालकाकडून विचारून घ्यावे. दोन-तीन लिटर असेल तर प्रमाण मोजून त्याच कूलंटच्या संहत द्रावाची भर घालावी, आणि त्याहून अधिक असेल तर सर्व सोडून देऊन, डीएम पाण्याने धुऊन, वर सांगितलेल्या हिशेबाने भरणी नव्याने करावी.